कानामागची दोन बोटं

आरशासमोर उभं राहिलं की चेहरा दिसतो आणि आपण असेच दिसतो, अशी आपली समजूत होऊन बसते. लोकांना मात्र आपण बराच वेळ बाजूने दिसत असतो. शेजारी बसलेल्याला आपला कान दिसतो, जबड्याची रेघ दिसते. रांगेत मागे उभा असलेला माणूस आपली मानच बघत असतो. बोलता बोलता मान वळवली की समोरच्यालाही आपली एकच बाजू दिसते. तरी केस कसे कापायचे हे ठरवताना आपण सगळा विचार समोरूनच करतो: भांग कुठे पाडायचा, कपाळावर किती केस येऊ द्यायचे, गालाशी बट हवी की नको. बहुतेक कट या हिशेबात बसतात. मलेट बसत नाही. पुढे आखूड, कानाजवळ त्याहून आखूड आणि मागे मानेवर रुळणारा हा कट समोरच्या आरशात जेमतेम निम्मा दिसतो. उरलेला निम्मा, आणि तोच जास्त महत्त्वाचा, कानाच्या मागे असतो. त्यामुळे तो करायचा की नाही, मागचे केस किती ठेवायचे, आपल्याला शोभेल का, हे सगळं बाजूने बघूनच ठरवावं, असं माझं आता पक्कं मत झालं आहे.

करून बघायला सोपं आहे. फोन कानाच्या उंचीवर कुठेतरी टेकवून ठेवा, त्याच्याकडे कान करून बसा आणि व्हिडिओ सुरू करा. मुद्दाम ताठ बसू नका, नेहमी बसता तसंच बसा. मान खाली घाला, वर करा, कुणाशी तरी बोलत असल्यासारखं बोला. मग दुसरी बाजू. एकदा केस वर बांधून, एकदा मोकळे सोडून. पहिल्यांदा बघताना परकं वाटतं, कारण या बाजूने आपली स्वतःशी फारशी ओळखच नसते. ते वाटणं ओसरू द्यावं आणि मग शांतपणे बघावं. मान किती लांब आहे? मागचं डोकं गोल आहे की चपटं? कवटीच्या मागे हाताला लागतो तो उंचवटा कुठे आहे? मानेवर केसांची रेघ कुठे संपते? मलेटचे मागचे केस त्या उंचवट्याच्या खालून मोकळे सुटतात. डोकं मागून चपटं असेल तर माथ्यावरचे केस थरांत कापून तिथे थोडी उभारी आणावी लागते, नाहीतर माथ्यापासून मानेपर्यंत सगळं सपाट उतरतं आणि कटाला आकारच येत नाही. डोकं गोल असेल तर निम्मं काम आयतंच झालेलं असतं. मान आखूड असेल तर मागची लांबी कॉलरच्या वरच थांबवलेली बरी, खांद्यांवर टेकली की मान आणखी आखूड दिसते. लांब मानेवर मात्र हा कट जसा खुलतो तसा दुसरा क्वचितच खुलत असेल.

माझे केस दाट आणि लाटदार आहेत. ओले असताना मुकाट सरळ, वाळले की दोन बोटं वर चढणारे. कित्येक वर्षं ते खांद्यापर्यंत एकसारखे कापलेले होते आणि अशा केसांचं जे होतं तेच त्यांचं व्हायचं: माथ्यावर चपटे आणि खाली कानांपासून खांद्यांपर्यंत फुगून त्रिकोण. केस बांधले की डोकं जड, सोडले की मान गायब. थिनिंगच्या कात्रीने विरळ करून घेतले तरी ते थोड्याच दिवसांचं सुख असायचं, कारण आतून कापलेले छोटे केस वाढताना वरच्या केसांना बाहेर ढकलायला लागतात. नको असलेला सगळा फुगवटा गालाशेजारी आणि कानाभोवती आहे, आणि मलेटमध्ये नेमके तिथलेच केस जातात, हे लक्षात आलं तेव्हा मी या कटाकडे पहिल्यांदा गंभीरपणे बघितलं. तोपर्यंत मला तो जुन्या रॉक गायकांचा आणि टेनिसपटूंचा वाटत होता. मागची लांबी तशीच ठेवून मान मोकळी होते, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

पहिल्यांदा हा कट करून घ्यायला बसले तेव्हा केस कापणाऱ्या बाईंनी मी नेलेले फोटो बाजूला ठेवले आणि विचारलं, "ताई, चष्मा रोज लावता का?"

"हो, दिवसभर."

"मग लावा. चष्मा लावूनच कानाजवळचं बघते मी."

हा प्रश्न मला फार आवडला, आणि त्यातच या कटाचं अर्धं मर्म आहे. चष्म्याची काडी कानावरून जिथे मागे वळते तिथे ती केसांना दाबते. तिथले केस फार आखूड झाले तर काडीवरून बाहेर ताठ उभे राहतात, आणि फार लांब राहिले तर काडीखाली अडकून एक फुगा तयार होतो. दिवसभर हेडफोन लावणाऱ्यांचं, हेल्मेट घालणाऱ्यांचंही हेच. कान जिथे संपतो तिथपासून मागे दोन बोटांची जागा मोजा. आखूड केस संपून लांब केस सुरू होतात ते या दोन बोटांत. मलेट सुंदर झाला की बेंगरूळ झाला, हे इथेच ठरतं. कपाळावरची झुलपं किती का देखणी असेनात, ही जागा फसली तर सगळा कट फसतो.

बाईंनी काय केलं ते मी बाजूच्या आरशात बघत होते. एका कानाच्या मागून टाळूवरून दुसऱ्या कानाच्या मागेपर्यंत त्यांनी आडवा भांग पाडला आणि पुढचे सगळे केस क्लिपांनी वर अडकवले. आधी मागची लांबी ठरवली, मानेच्या तळाशी, कॉलरला जेमतेम स्पर्श होईल इतकी. मग माथ्यावरच्या बटा सरळ वर धरून त्यांचे थर कापले. त्यानंतर कानामागची बट घेतली आणि तिथल्या तिथे न कापता ती कानावरून पुढे, गालाच्या दिशेने ओढून धरली आणि तिथे कापली. सोडल्यावर बट परत मागे गेली आणि तिला आपोआप उतार आला होता. यातला हिशेब साधा आहे. सगळे केस पुढच्या एकाच जागी आणून कापले, की जे केस मागून, लांबून आले त्यांना तिथवर पोचायला जास्त लांबी खर्चावी लागते. ते परत जागेवर गेले की तेवढे लांब राहतात. कान जवळ, म्हणून तिथले आखूड. मान दूर, म्हणून तिथले लांब. मध्ये पायरी पडत नाही. त्या हे बोटांनी इतक्या सहज करत होत्या की बघत राहावं. शेवटी कात्री उभी धरून टोकांत बारीक बारीक खाचा घेतल्या. त्याने टोकांची सरळ रेघ मोडते आणि केस एकमेकांत मिसळतात.

ऐंशीच्या दशकातल्या मलेटचे फोटो बघितले तर हा फरक लगेच डोळ्यांत भरतो. त्यात बरेचदा कानापर्यंत आखूड केस आणि कानामागे एकदम लांब केसांची भिंत असते. कपाळावर फुगवलेला तुरा, बाजूला काहीच नाही आणि मागे पडदा. आजच्या मलेटमध्ये सगळीकडे थर असतात, कपाळावर झुलपं असतात, मागची लांबी तुलनेने कमी असते आणि आखूड-लांबची जोड मऊ असते. ज्यांना मुद्दाम ठसठशीत फरक हवा असतो ते कानाभोवती अर्धगोलात केस कापायचं मशीन फिरवून घेतात. त्याला बर्स्ट फेड म्हणतात, आणि कुरळ्या केसांच्या मुलग्यांवर तो फार छान दिसतो. मशीनचं नंबरांचं गणित एकदा समजून घेतलेलं बरं. एक नंबर म्हणजे साधारण ३ मिलिमीटर केस उरतात, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे जवळजवळ १०, चार म्हणजे १३. पहिल्या वेळी तीन-चारपासून सुरुवात करावी. तीनचा दोन तिथल्या तिथे करता येतो, दोनचा तीन व्हायला वाट बघावी लागते.

या कटाला लोक एका दशकाचं खूळ समजतात ते मला पटत नाही. कुणालाही पुढचे केस डोळ्यांवर येऊ नयेत आणि मानेला मागून ऊब असावी असं वाटलं असेल, की हा आकार आपोआप जन्माला येतो. प्राचीन ग्रीक कवी होमरने ट्रॉयच्या युद्धाला गेलेल्या सैन्यांची यादी दिली आहे, तीत अबांतेस या ग्रीक टोळीच्या लोकांचं वर्णन 'मागे केस वाढवलेले' असं येतं. सहाव्या शतकातल्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये रथशर्यतींच्या गटांतले तरुण पुढचे केस कानशिलांपर्यंत कापत आणि मागचे लांब लोंबते सोडत, आणि या पद्धतीला हूणांची पद्धत म्हणत, असं प्रोकोपियस या इतिहासकाराने नोंदवून ठेवलं आहे. त्याला ते अजिबात आवडलेलं नव्हतं, हे त्याच्या सुरावरून कळतं. इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरमधल्या विम्पोल इथे २०१८ साली उत्खननात पहिल्या शतकातली एक धातूची मूर्ती मिळाली, अवघी ५ सेंटीमीटर उंचीची. तिचे केस पुढे नीट कापलेले आणि मागे लांब आहेत. एवढ्याशा मूर्तीवरसुद्धा घडवणाऱ्याने मागचे केस दाखवायची तसदी घेतली, याचं मला कौतुक वाटतं.

आपल्या ओळखीचा मलेट सुरू होतो तो १९७२ मध्ये. इंग्लिश गायक डेव्हिड बोवीने रंगमंचावर झिगी स्टारडस्ट हे पात्र उभं केलं त्याच्या आधी सूझी फसी नावाच्या तरुण हेअरड्रेसरने त्याचे केस कापले, पुढे ताठ उभे आणि मागे मानेवर उतरणारे, आणि मग भडक तांबड्या रंगात रंगवले. पुरुषी की बायकी, असा प्रश्नच त्या डोक्याने निकालात काढला. मला मलेटमध्ये जे सगळ्यात जास्त भावतं ते हेच. एकाच डोक्यावर दोन्ही राहतात, आणि कुणाला माफी मागावी लागत नाही. त्याच सुमाराला अभिनेत्री जेन फोंडाचा शॅग हा थराथरांचा कट गाजला होता. शॅग हा मलेटचा जवळचा नातेवाईक, फक्त त्यात कानाजवळचे केस इतके आखूड नसतात. पुढे नव्वदीच्या सुरुवातीला अमेरिकन गायक बिली रे सायरसचा मलेट जगभर पोचला, आणि २०२० मध्ये त्याच्या मुलीने, मायली सायरसने, तोच आकार स्वतःच्या डोक्यावर नव्याने आणला. बाप-लेकीचे दोन्ही फोटो शेजारी ठेवले की जुना आणि नवा मलेट यांतला फरक कुणीही न सांगता कळतो. त्याच सुमाराला कोरियन गायकांच्या डोक्यांवरून हा कट पुन्हा तरुण मुलामुलींपर्यंत गेला. शॅग आणि मलेट यांच्या मधला वुल्फ कटही त्याच लाटेतला. ऑस्ट्रेलियात कुरी कुरी या गावी २०१८ पासून मलेटफेस्ट ही मलेटची स्पर्धा भरते, तीत लहान मुलांचे आणि बायकांचे वेगळे गट असतात. आणि २०१० मध्ये इराणच्या संस्कृती खात्याने पुरुषांसाठी मान्य केशरचनांची यादी काढली तेव्हा मलेटला त्यात जागा मिळाली नव्हती.

पण या सगळ्यांत मला सारखी आठवते ती टेनिसपटू आंद्रे आगासीची गोष्ट. त्याचा तो सोनेरी, मागे लांब सोडलेला मलेट ही त्याची ओळखच होऊन बसली होती, आणि आतून त्याचे केस झडत होते. १९९० च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात तो केसांचा टोप लावून खेळला. आदल्या रात्री तो टोप सुटायला लागला आणि पिनांनी कसाबसा बसवावा लागला. आंद्रेस गोमेझविरुद्ध खेळताना टोप पडू नये एवढीच प्रार्थना आपण करत होतो, असं त्याने पुढे २००९ मध्ये आपल्या आत्मचरित्रात लिहिलं. तो सामना तो हरला. काही वर्षांनी त्याने डोकं चक्क साफ केलं आणि जिंकतही राहिला. केसांचा एक आकार माणसाला किती धरून ठेवू शकतो, हे यातून दिसतं, आणि त्यात हसण्यासारखं मला काहीच वाटत नाही. त्यात निवड करताना उपयोगी पडणारी एक गोष्टही आहे. माथ्यावर किंवा कानशिलांशी केस विरळ होत असतील तर मागची लांबी तो विरळपणा झाकत नाही, उलट दाखवते, कारण डोळा आपोआप दाट भागाकडून विरळ भागाकडे जातो. अशा वेळी मागचे केस कमी ठेवून पुढे आणि माथ्यावर जेवढं आहे त्याचा पोत आखूड थरांनी खुलवणं जास्त चांगलं.

चेहऱ्याच्या आकारांचे तक्ते सगळीकडे असतात: गोल चेहऱ्याला हे, चौकोनी चेहऱ्याला ते. माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही. मलेटसाठी तर नाहीच, कारण ते तक्ते समोरून काढलेले असतात. झुलपांची लांबी कमी-जास्त करून कुठल्याही चेहऱ्याचं जमवून घेता येतं. जे जमवून घेता येत नाही ते म्हणजे केस उगवायची दिशा. कपाळाच्या कडेला भोवरा असेल तर तिथली झुलपं कितीही दाबली तरी फाकतात, म्हणून ती जरा लांब ठेवावी, वजनाने बसतात. टाळूवरचा भोवरा तर प्रत्येकालाच असतो. तिथले केस फार आखूड कापले तर ते चक्राकार उभे राहतात, तिथे निदान ७-८ सेंटीमीटर लांबी राहू द्यावी. आणि सगळ्यात महत्त्वाची ती मानगूट. कुणाचे तिथले केस सरळ खाली उगवतात, कुणाचे दोन्ही बाजूंनी मध्ये वळतात, कुणाचे चक्क वर जातात. मान ओली करून, बोटांनी केस मोकळे करून बाजूने फोटो काढला की दिशा दिसते. वर जाणारे केस असतील तर मागची लांबी इतकी हवी की स्वतःच्या वजनाने ती खाली राहील. नाहीतर शेपटी मानेवर न उतरता बाहेरच्या बाजूला उडते.

आता केसांचा पोत. लाटदार केसांना हा कट जणू त्यांच्यासाठीच बनवला आहे इतका साजतो, थर केल्यावर लाटा हलक्या होतात आणि आपापल्या जागी बसतात. सरळ आणि बारीक केसांचं जपून करावं लागतं. मागे थर जास्त झाले की टोकं पारदर्शक होतात आणि मानेवर चार केस लोंबल्यासारखे दिसतात, म्हणून अशा केसांत मागची कड भरीव आणि जवळजवळ सरळ ठेवावी, थर फक्त माथ्यावर. कुरळे केस कोरडेच कापून घ्यावेत. ओल्यात ताणून कापलेली बट वाळल्यावर किती वर चढेल याचा अंदाज कापणाऱ्यालाही येत नाही, आणि कपाळावरची बट वर चढली तर ती लपवायला जागाच नसते.

हेअरड्रेसरकडे फोटो न्यावेत, पण आपल्यासारख्याच केसांच्या माणसाचे आणि त्यात एक तरी बाजूने काढलेला. समोरून काढलेल्या दहा फोटोंपेक्षा तो एक फोटो जास्त सांगतो. बोलताना 'थोडे', 'जास्त' हे शब्द टाळावेत, तुमचं थोडं आणि त्यांचं थोडं कधी एक नसतं. बोट ठेवून दाखवावं: झुलपं भुवईपर्यंत की डोळ्यांपर्यंत, कान पूर्ण दिसायला हवा की वरचा अर्धा, कल्ले ठेवायचे की नाहीत, मागचे केस मानेच्या तळाशी की कॉलरखाली. पुढच्या आणि मागच्या केसांत फरक किती हवा, हा खरा निर्णय. फरक जितका जास्त तितका कट धीट. आणि त्यासोबत परत फिरायची किंमतही मोजून ठेवावी. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, वर्षाला १५ सेंटीमीटरच्या आसपास. पुढचे केस ८ सेंटीमीटर ठेवले आणि उद्या ते हनुवटीपर्यंत, म्हणजे २० सेंटीमीटरच्या घरात यावेत असं वाटलं, तर दहा-बारा महिने लागणार. हे माहीत असून कात्री लागू दिली की मन निवांत राहतं. पहिल्या वेळी मागचे केस जास्तच ठेवून घ्यावेत, घरी जाऊन धुवावेत, आठवडाभर नेहमीसारखं राहावं, आणि मग परत जाऊन कमी करून घ्यावेत. चांगली हेअरड्रेसर याला कधीच कंटाळत नाही.

केस बसवण्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण मलेट रोज सकाळी नव्याने घडतो. केसांतल्या केरॅटिन या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना वेगवेगळ्या प्रकारे धरून असतात. त्यातली एक धर हायड्रोजन बंधांची, ती पाण्याने सुटते आणि केस वाळला की पुन्हा जुळते. वाळताना केस ज्या आकारात असेल त्याच आकारात ती जुळते. म्हणून झोपेत दबलेली बट ओली केल्याशिवाय हटत नाही, आणि म्हणून दमट हवेत बसवलेले केस मोडतात. यातून एक सरळ गोष्ट निघते: केस बसवायचे ते वाळताना. वाळून गेल्यावर वरून लावलेलं काहीही फक्त आकार टिकवतं, नवा आकार देत नाही.

रोज केस धुवायची गरज नसते. मी स्प्रेच्या बाटलीने झुलपं, कानाजवळचे केस आणि मानेचा दबलेला भाग मुळांपर्यंत ओला करते, बाकी तसंच. मग तळहाताच्या खळग्यात मावेल एवढा मूस, म्हणजे केस बसवायचा फेस, घेऊन माथ्यावर मुळांशी आणि मागच्या लांबीत खालून वर मूठ आवळत लावते. ड्रायर आधी झुलपांवर, कारण ती सगळ्यात आधी वाळतात आणि एकदा वाकडी वाळली की पुन्हा ओली करावी लागतात. भोवरा असेल तर झुलपं बोटांनी आधी डावीकडे, मग उजवीकडे विंचरत वाळवावीत, दोन्हीकडून हवा बसली की मुळं कुठल्याच बाजूचा हट्ट धरत नाहीत. माथ्यावर बोटं मुळांत घालून केस किंचित उचलून धरायचे आणि ते जवळजवळ वाळेपर्यंत तसेच ठेवायचे. मागच्या लांबीला डिफ्यूझर (ड्रायरच्या तोंडाला लावायची, हवा पसरवणारी जाळी), मंद हवेवर, मान एका बाजूला कलवून. तिथे फार हात फिरवायचा नाही. लाटा अर्ध्या वाळल्या असताना ढवळल्या की भुरभुरतात.

मिठाच्या पाण्याचा सी सॉल्ट स्प्रे मलेटवाल्यांत फार लोकप्रिय आहे. मिठाने केस किंचित खरखरीत होतात आणि एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे सरळ आणि बारीक केसांना तो खरोखर उपयोगी पडतो. कुरळ्या आणि मुळातच कोरड्या केसांना मात्र तो आणखी कोरडं करतो, त्यांनी लीव्ह-इन क्रीम (लावून न धुता ठेवायचं) आणि थोडं जेल एवढ्यावर थांबावं. क्ले किंवा वॅक्स लावायचं तर बोटाच्या टोकावर येईल इतकंच, तळहातांत पूर्ण विरेपर्यंत चोळून. सुरुवात मागून करावी आणि हातावर जे उरेल ते शेवटी झुलपांना. उलट केलं तर सगळा चिकटपणा कपाळावर येतो आणि दुपारपर्यंत झुलपं तेलकट होऊन एकमेकांना चिकटतात. कानामागच्या त्या दोन बोटांत मी काहीच लावत नाही. बोटाने केस एकदा कानामागे खोचते, वाळू देते, मग सोडते. वळण येतं ते तेवढ्यानेच.

कपड्यांचाही इथे संबंध येतो. उंच, ताठ कॉलर मागच्या केसांना बाहेर ढकलते, आणि लोकरी कॉलरवर दिवसभर घासून मानेजवळ गुंता होतो. संध्याकाळी तो गुंता टोकांकडून वर मुळांकडे मोठ्या दातांच्या फणीने सोडवावा, वरून खाली ओढत आणला तर तुटतो.

देखभाल भागाभागाने वेगळी. मशीनने कापलेल्या बाजू तीन-चार आठवड्यांत धूसर होतात, कात्रीने कापलेल्या सहा-आठ आठवडे चालतात, मागच्याला दोन-तीन महिन्यांत टोकं कापून घेतली तरी पुरतं. कानाजवळचे केस वाढले आणि मागचे तसेच राहिले की कटाची कंबर जाते आणि तो नुसताच वाढलेल्या केसांचा ढीग दिसतो. म्हणून वेळ कमी असेल तर फक्त बाजूंपुरतं जाऊन यावं. झुलपं घरी कापायची असतील तर कोरडी असतानाच, कात्री उभी धरून, टोकं टोचल्यासारखी. आडवी कात्री कधीही चालवू नये.

आणि हा कट सोडायचा असेल तर मागचे केस कापत राहायचं आणि पुढचे येऊ द्यायचे, त्याला दुसरा रस्ता नाही. आधी तो शॅगसारखा दिसतो, मग विस्कटलेल्या बॉबसारखा (हनुवटीच्या आसपास एकसारखे कापलेले केस), मग खरा बॉब होतो. माझी मावसबहीण सध्या त्या मधल्या टप्प्यात आहे. तिचे कानावरचे केस ना कानामागे खोचता येतात ना मोकळे सोडता येतात, तेव्हा दोन्ही बाजूंना छोट्या क्लिपा लावते आणि तेही तिला गोड दिसतं. तिला पुन्हा वेणी घालता यायला हवी आहे. मला अजून तसं काही वाटत नाही. पुढच्या वेळी कानावरचे केस आणखी आखूड करून बघायचे आहेत, बहुतेक मशीनने, चार नंबरवर, चष्मा लावून. मागचे जिथे आहेत तिथेच राहतील.